यकृतातली गाठ आणि चिठ्ठीवरचा एक शब्द

बाबांची सोनोग्राफी गोंदियाला केली ती पित्ताच्या खड्यांच्या संशयाने. खडे निघाले नाहीत. रिपोर्टच्या शेवटी मात्र एक ओळ होती : यकृताच्या उजव्या भागात ५ सेंटिमीटरची गाठ, पुढील तपासणी करावी. सालेकशाला परतताना गाडीत बाबा एवढंच बोलले, "कॅन्सर हाये का रे?" मी म्हणालो, "नाही जी." खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.

धानाचे पैसे आले होते, तेच लावून सीटी स्कॅन केला. रिपोर्ट घेऊन नागपूर गाठलं, गोंदियापासून रेल्वेने १३० किलोमीटर. डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि म्हणाले, "हा साधा सीटी आहे. गाठ कशाची ते यावरून सांगता येणार नाही. ट्रायफेजिक करून आणा." आमच्या चिठ्ठीवर फक्त 'पोटाचा सीटी' लिहिलं होतं. आम्हीही काही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. निरोगी यकृताला जवळपास तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं. यकृताचा कॅन्सर मात्र बहुधा धमनीचं रक्त ओढतो. म्हणून शिरेत कॉन्ट्रास्टचं औषध सोडून तीनदा फोटो काढतात : साधारण अर्ध्या मिनिटाने, मिनिटभराने आणि तीन ते पाच मिनिटांनी. कॅन्सरची गाठ बहुधा आधी उजळते आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडते. हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ, कडेकडेने हळूहळू भरत मध्ये येतो. साध्या सीटीत हे काहीच दिसत नाही.

बाबांचा हिमँजिओमा निघाला. घरी फोन केला तर आई बोलूच शकली नाही.

आनंद झाला, पण रागही आला. एकाच गाठीसाठी दोन स्कॅन, नागपूरच्या जास्तीच्या खेपा आणि तीन आठवडे बाबांच्या घशाखाली धड घास नाही. भरती होण्याआधीचा हा सगळा खर्च आमच्याच खिशातून गेला. कॅन्सर असता तर ते तीन आठवडे कुणी परत दिले असते?

म्हणून मित्रांनो, घरात कुणाच्या यकृतात गाठ सांगितली तर स्कॅनआधी विचारा : कॉन्ट्रास्टचा आहे का, तीन फेजचा आहे का? क्रिएटिनिनची रक्ततपासणी आधी करून घ्या. किडनीचा त्रास, ॲलर्जी, शुगरच्या गोळ्या असतील तर सांगा. नुसता रिपोर्ट नको, फिल्म आणि सीडीही मागून घ्या, जुनी सोनोग्राफी सोबत ठेवा.

आणि आरोग्य खात्याला एक विनंती. सालेकशात उद्याच सीटी मशीन येणार नाही, हे आम्हाला कळतं. पण ई-संजीवनीवर तज्ज्ञाला सोनोग्राफीचा रिपोर्ट दाखवून मगच पेशंटला स्कॅनला पाठवता येईल. चिठ्ठीवर तपासणीचं पूर्ण नाव लिहायला कोणतंच मशीन लागत नाही.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका.