काशाची वाटी

शेजारच्या पोराने आमच्या घरची काशाची वाटी मागितली तेव्हा आम्ही सरळ नाही म्हणालो. वाटी आजीची. तापाने फणफणलेल्या किती पोरांचे तळवे तिने त्या वाटीने घासले असतील, हिशेब नाही. पोरगा इथेच नांदगावात वेल्डिंगच्या दुकानात कामाला आहे. दुकान बंद झाले की भंगारातून वाद्ये करीत बसतो. पत्र्याचे डबे, पाइप, स्कूटरची स्प्रिंग, जे वाजेल ते. गल्ली त्याच्या ठोकाठोकीला कंटाळलेली. तक्रारी आमच्याकडे येतात, कारण विहाराच्या कमिटीचे काम आम्ही पाहतो.

खरे सांगायचे तर राग वाटीचा नव्हता. जयंतीच्या बैठकीत तो म्हणाला होता, "काका, औंदा डीजे नको. आपण हलगी वाजवू." डीजेचे भाडे निम्मी वर्गणी खाते हे आम्हालाही कळते. पण हलगीचे नाव निघाले आणि आम्ही भडकलो. १९५६ साली धम्मदीक्षेनंतर आमच्या आजोबांनी खुंटीवरची हलगी काढून चुलीत घातली, असे वडील सांगत. गावात लग्न असो की मयत, बोलावणे आले की वाजवायला जायचे, आणि वाजवून झाले की लांब बसून वाढतील ते खायचे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून बजावले. आजोबांनी मांस आधी सोडले, कातडे नंतर. ते पुन्हा गळ्यात कसे अडकवायचे?

पोरगा गप्प राहिला. उठताना एवढेच म्हणाला, "मग वामनदादा गायचे तेव्हा मागं काय वाजायचं, काका?"

रात्रभर ते डोक्यात राहिले. वामनदादा कर्डक आपल्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. त्यांच्याही आधी भीमराव कर्डकांच्या जलशाने बाबासाहेबांचा विचार वस्त्यावस्त्यांत नेला. ढोलकीवाचून जलसा कुठला? कातडे तेच होते. हुकूम तेवढा नव्हता.

दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन आम्हीच त्याच्याकडे गेलो. वितळवणार नाहीस ना, हे मात्र दोनदा विचारून घेतले. त्याला वाटी नुसती वाजवून बघायची होती. जुन्या पितळी परातीचा पत्रा कापून त्याने झांज केली होती, ती थप्प बोलायची. वाटीला बोटाने टिचकी मारली आणि नाद किती वेळ घुमत राहिला! पितळात तांबे आणि जस्त, काशात तांबे आणि कथील. झांजेच्या चांगल्या काशात कथील साधारण पाचवा हिस्सा. तेवढ्याने नाद येतो आणि तेवढ्यानेच धातू ठिसूळ होतो. थंड असताना हातोडा घातला की तडकतो. लालबुंद करून ठोकायचा, मग पाण्यात बुडवायचा. पोलाद असे बुडवले की कडक होते, कासे उलट जरा नरमते. वेल्डिंगवाल्या पोराला हेच नवल वाटत होते. तुर्कस्तानात झिल्जियान घराण्याने १६२३ पासून याच मिश्रणावर झांजांचा धंदा उभा केला, आता त्यांचा कारखाना अमेरिकेत आहे.

धातू म्हटले की आम्हाला झानू गाव आठवते. अहमदाबाद जिल्ह्यातले. १९३५ साली तिथल्या अस्पृश्य बायांनी धातूच्या भांड्यांतून पाणी आणले म्हणून त्यांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात हे लिहून ठेवले आहे. आजीची वाटी किती जुनी ते घरात कुणालाच सांगता येत नाही, पण ती घरात आली तेव्हा कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलीच असेल.

पोराला आम्ही त्रिनिदादची गोष्ट सांगितली. गुलामांच्या वंशजांच्या चामडी ढोलांवर तिथल्या इंग्रज सरकारने १८८० च्या दशकात बंदी घातली. त्यांनी बांबू आपटले. मग बिस्किटांचे डबे, शेवटी तेलाची रिकामी पिंपे ठोकून त्यातून सगळे सूर काढले. १९५१ साली त्यांचे पथक लंडनला जाऊन वाजवून आले. हे ऐकून पोरगा लगेच दुकानामागचे पिंप बघायला उठला. आम्हीच हात धरून बसवला, आधी झांज तरी पुरी कर म्हटले.

भांड्यांच्या दुकानातून त्याने काशाची मोड आणली. पहिली झांज पाण्यात घालण्याआधीच तडकली, दुसरी मधल्या वाटीपाशी. तिसरी टिकली. एका बाजूला जाड आहे, त्यामुळे आवाज जरा वाकडा येतो. त्याला तोच आवडतो, आम्हाला नाही.

जयंतीला यंदा डीजे नाही, असे बैठकीत ठरले. झांजा, डबे, दोन पिंपे आणि एक ढोलकी. हलगीवर वाद अजून चालू आहे. वडिलांना विचारले तर म्हणाले, "कुणी बोलावलं म्हणून नका वाजवू." हा होकार की नकार, कमिटीत अजून एकमत नाही.

वाटी परत आली आहे. कडेला बारीक पोचा आहे. आईने अजून पाहिलेला नाही.