नट कोणता खोलला होता?

'फजिती' हा शब्द मराठीत इतका मुरलाय, की तो मूळचा अरबी 'फजीहत' आहे असं सांगितलं की वर्गातली मुलं चमकतात. उर्दूत तो अजून जरा जड आहे. चारचौघांत अब्रू जाणं, असा. 'अब्रू' फारसी. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी. मराठीनं स्वतःच्या घरात त्यासाठी 'पाणउतारा' केला. दोन्ही भाषांना वाटलं की माणसाची इज्जत पाण्यासारखी असते आणि ती उतरते.

गेल्या पाचसहा वर्षांत आमच्या केळापूर तालुक्यात हे पाणी तेलापायी बरंच उतरलेलं मी पाहिलं. गाडीच्या इंजिन ऑइलपायी.

२०२० च्या टाळेबंदीत गाड्या अंगणात उभ्या राहिल्या, गॅरेजं बंद झाली आणि मोबाइलवर व्हिडिओ बघायला वेळच वेळ मिळाला. कुणीतरी स्वच्छ फरशीवर, हातमोजे घालून, दहा मिनिटांत तेल बदलतो. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच? यासाठी आपण सर्व्हिसिंगचं बिल भरतो? कारण पैशाचंही होतं आणि अविश्वासाचंही. 'मिस्त्री लोक तेल बदलतच नाहीत, नुसतं बिल लावतात' हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत किती वेळा ऐकलं, मोजदाद नाही. तिथून पुढे दर महिन्याला एखादा तरी सुशिक्षित माणूस रविवारी सकाळी गाडीखाली शिरू लागला.

पांढरकवडा हे आमचं तालुक्याचं गाव नागपूर-हैदराबाद महामार्गावर आहे. पूर्वीचा सात नंबर, आता चव्वेचाळीस. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. अशा रस्त्यावरच्या गावात गॅरेज असणारच. त्यातल्या एका गॅरेजचा मालक माझा जुना विद्यार्थी. आठवीतून शाळा सुटली आणि तो एका उस्तादच्या हाताखाली गेला. आता स्वतः उस्ताद आहे, हाताखाली दोन माणसं आहेत. मी संध्याकाळी कधी त्याच्याकडे चहाला बसतो. लोकांच्या फजित्या मला तिथं कळल्या. तो नावं सांगत नाही, गाड्या सांगतो. 'पांढरी अल्टो आली होती, सर.'

सर्वांत सोपी फजिती म्हणजे खालचा नट न लावता वरून नवं तेल ओतणं. इंजिनाखाली तेलाचं भांडं असतं, त्याला मिस्त्री लोक चेंबर म्हणतात. चेंबरचा नट खोलून जुनं तेल गाळायचं, नट लावायचा, मग वरून ओतायचं. माणूस नट धुऊन पुसून बाजूला ठेवतो, फोन येतो, आणि परत येऊन थेट डबा उघडतो. छोट्या गाडीला साधारण तीन लिटर तेल लागतं. ते सोन्याच्या रंगाचं तेल अंगणात पसरलेलं दिसेपर्यंत निम्मा डबा रिकामा झालेला असतो. यात नुकसान फक्त पैशाचं. घरातल्यांना हसायला मिळतं, आणि कोंबड्या तिथून चालत गेल्या तर पुढचे दोन दिवस ओटाही पुसावा लागतो.

दुसरी फजिती फिल्टरची. जुना फिल्टर निघतो, पण त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते. नव्या फिल्टरची स्वतःची रिंग असतेच. दोन रिंगा एकमेकींवर बसल्या की गाडी सुरू होताच दाबानं तेल बाहेर पडतं. उपाय एवढाच की जुना फिल्टर उलटा करून रिंग त्याच्यासोबत आली का ते बघायचं, आणि जिथं तो बसतो तिथं एकदा बोट फिरवायचं.

तिसरी ताकदीची. नट सैल राहू नये म्हणून पान्याला पाइप लावून, पाय देऊन आवळतात. अनेक गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं, नट लोखंडाचा. मऊ धातूचे आटे जातात. नट फिरतच राहतो आणि तेल ठिबकतच राहतं. उस्ताद म्हणतो, 'सर, पाने की लंबाई कंपनी ने सोच के रखी है.' पाना जेवढा लांब तेवढाच जोर. शिवाय नटाचं वायसर दर वेळी नवं. त्याची किंमत चहाहून फार नसते.

मग आकड्यांची गंमत. डब्यावर '५डब्ल्यू-३०' असं लिहिलेलं असतं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा तापलेल्या इंजिनात ते किती घट्ट राहतं ते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो, म्हणून लोक ठरवतात की थंडीच्या तेलाचं इथं काय काम, आणि नव्या गाडीत जुन्या जीपचं २०डब्ल्यू-५० ओततात. पण इंजिनाच्या आतली उष्णता बाहेरच्या उन्हाहून कितीतरी जास्त असते, आणि नव्या इंजिनातल्या फटी पातळ तेलाच्या हिशेबानं ठेवलेल्या असतात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत तर धूर गाळणारा फिल्टर असतो. त्याला कमी राखेचं तेल लागतं, नाहीतर तो तुंबतो. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात हे सगळं असतं. ते पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढणारा माणूस मात्र मी क्वचितच पाहिला. आम्ही शिक्षकही त्यात आलो, जे मुलांना 'आधी सूचना वाचा' म्हणून ओरडतो.

भोक चुकणं ही हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही. बॉनेट उघडलं की चारपाच झाकणं दिसतात. कुणी तेल रेडिएटरच्या डब्यात ओतलं, कुणी ब्रेकच्या तेलाच्या डबीत. ब्रेकमधलं रबर इंजिन ऑइलनं फुगतं आणि ब्रेक दगा देतात. ते नुसतं उपसून चालत नाही, रबरी भाग बदलावे लागतात. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली विटा लावून शिरणं ही तर फजितीच नव्हे. जॅक चाक बदलण्यापुरता असतो, वीट एका क्षणात फुटते. त्या क्षणी अब्रू जात नाही, माणूस जातो. माझा विद्यार्थी एरवी सगळ्यांवर हसतो, यावर हसत नाही.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती वेगळी आहे.

छोट्या गाड्यांमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स शेजारी शेजारी असतात. दोघांचं तेल वेगळं, दोघांचे नट वेगळे, आणि खालून बघणाऱ्या नवख्याला दोन्ही सारखेच. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी गिअरबॉक्सचा नट खोलला. ते पदवीधर, हिशेबी, दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेत काना-मात्रा न सोडणारे. तेल निघालं ते काळं नव्हतं, मधासारखं होतं. त्यांना वाटलं, बघा, तेल अजून चांगलं आहे, कंपनी उगाच बदलायला लावते. नट लावला आणि वरून इंजिनात तीन लिटर नवं तेल ओतलं. आत जुनं तीन लिटर होतंच. पट्टी काढून पाहिली तर तेल खुणेच्या खूप वर. त्यांनी ठरवलं, पट्टीच खराब असेल. गाडी सुरू केली तर निळसर धूर. म्हणाले, नवं तेल आहे, जळेल.

दुसऱ्या दिवशी कुटुंबाला घेऊन नागपूरला, ताजबागला निघाले. इंजिनात दुप्पट तेल, गिअरबॉक्स कोरडा. वडकीच्या आसपास गिअर रडायला लागला, मग अडकला. गाडी ओढून परत आणली ती माझ्या विद्यार्थ्याच्या दारात.

त्यानं पहिला प्रश्न विचारला, 'सर, पहले ये बोलो, नट कौनसा खोले थे?'

'काहीच खोललं नाही. चालता चालता झालं.'

त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग तो क्लचपासून सुरू झाला, कारण गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं धरून काम करता येत नाही. अर्धा दिवस गेला. दुपारी त्यानं पट्टी काढली, तेव्हा त्याला सगळं कळलं. तो काही बोलला नाही. गिअरबॉक्स उघडावाच लागला, आतली चाकं झिजली होती. आदल्या संध्याकाळी गाडी न चालवता त्यांनी फक्त एक फोन केला असता, तर इंजिनातलं जादा तेल काढून आणि गिअरबॉक्समध्ये योग्य तेल भरून काम काहीशे रुपयांत झालं असतं. बिल हजारांत गेलं. आणि ते गृहस्थ आजही सांगतात की मिस्त्रीनं लुटलं.

बीएडला आम्हाला निदानात्मक चाचणी शिकवतात. मूल कुठं चुकलं ते आधी शोधा, मग उपचारात्मक अध्यापन करा. मुलाला लाज वाटेल असं विचारू नका, नाहीतर ते चूक लपवेल आणि तुमचं निदान चुकेल. परीक्षेत मी यावर चांगली दोन पानं लिहिली होती. ते तत्त्व वागण्यात उतरलेलं मी त्या गॅरेजमध्ये पाहिलं, आठवीत शाळा सुटलेल्या माणसाच्या एका प्रश्नात. 'का खोललं' असं त्यानं विचारलं नाही, 'कुणी सांगितलं होतं' असंही नाही. फक्त कोणता. उत्तर लपवणारा मात्र आमच्या बाजूचा, शिकलेला निघाला.

ही लाज येते कुठून, याचा मी बराच विचार केला. तेल बदलता न येणं हा काही गुन्हा नाही. पण ज्याला आपण खालचं काम समजतो ते आपल्याला जमलं नाही, आणि ते त्या काम करणाऱ्यालाच सांगायचं, हे घशाखाली उतरत नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम ज्या धंद्यांत जास्त आहेत त्यांत मोटार दुरुस्तीची नोंद आहे. आमच्यासाठी ती आकडेवारी नाही, ती आमची गल्ली आहे. आणि त्याच गल्लीतली मुलं शाळेचा फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायापुढे 'बिझनेस' लिहितात. मी विचारतो, 'कसला बिझनेस?' मूल खाली बघतं. मग हळूच, 'गाड़ियां सुधारते.' उर्दूत 'उस्ताद' म्हणजे शिक्षकही आणि कारागीरही. शब्दानं दोघांना एका बाकावर बसवलं होतं, वेगळं केलं ते आम्ही. म्हणून आता तो रकाना मी मुलांसमोर बसून भरून घेतो. मोटार मेकॅनिक. उर्दूतही आणि मराठीतही, पूर्ण शब्दांत.

तर, ज्यांना स्वतः तेल बदलायचंय त्यांनी जरूर बदलावं. मी अडवणार नाही. गाडी सपाट जागी हवी. इंजिन थोडं कोमट असावं, कडक तापलेलं नको, हात भाजतात. जॅकऐवजी रॅम्प किंवा पक्के स्टँड. निघालेलं तेल काळं नसेल तर तिथंच थांबायचं. एकदम सगळं ओतायचं नाही, थोडं थोडं ओतून, पाचदहा मिनिटं थांबून पट्टी बघायची. पट्टी खोटं बोलत नाही. झाकण आणि पुसायचं फडकं इंजिनावर राहिलं नाही ना, ते बघून मगच बॉनेट लावायचं.

आणि जुनं तेल नालीत नको. आमची नाली खुनी नदीला मिळते. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून गॅरेजवर न्या, तिथं ते ड्रमात साठवून पुढे देतात. तिथं गेलातच, तर जे काही चुकलं असेल ते सांगून टाका. चहा मिळेल.