मांडीवरची गिटार

लॉस एंजेलिसला भाचीकडे गेलो होतो. काय काय बघायचं ते तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. माझी मागणी एकच होती. जुन्या लॅप स्टील गिटारी विकणारं एक दुकान तिच्या घरापासून तासाभरावर होतं. "मामा, इतक्या लांब येऊन तू दुकानात जाणार?" म्हणाली, पण घेऊन गेली.

आपण जिला हवाईयन गिटार म्हणतो, तीच ही. 1970 च्या दशकात मी दादरला शिकलो, तेव्हा खरी लॅप स्टील आमच्यापैकी कुणी पाहिलेलीही नव्हती. साध्याच गिटारीच्या नटावर लोखंडी पट्टी बसवून तारा उंच करायच्या, गिटार मांडीवर आडवी घ्यायची आणि डाव्या हातातला पोलादी बार तारांवर सरकवायचा. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी वाजवलेली सिनेमाची गाणी आम्ही ऐकून ऐकून बसवत असू. पुढे 'कॉल ऑफ द व्हॅली'ची रेकॉर्ड हाती आली. तिच्यातली ब्रिजभूषण काबरांची गिटार ऐकल्यावर या वाद्यावर रागही गाता येतो हे कळलं, आणि मी क्लास सोडायचा विचार सोडून दिला.

दुकान अरुंद आणि लांबलचक. भिंतीवर वाइसनबॉर्न टांगलेल्या होत्या: कोआ लाकडाच्या, दांडीपर्यंत पोकळ, याच शहरात 1920 च्या दशकात घडवलेल्या. मी मात्र काचेच्या कपाटापाशी थांबलो. आत रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' होती. गोल पोट, लांब दांडी, सगळी ओतीव ॲल्युमिनियमची, खरोखर तव्यासारखी. ही 1932 मध्ये विक्रीला आली. विजेवरची गिटार बाजारात रुजली ती हिच्यापासून, आणि ती मांडीवर घेऊन वाजवायची होती. त्या काळी अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेड होतं आणि वाद्यवृंदात बिचाऱ्या गिटारीचा आवाज बुडून जाई.

ॲल्युमिनियमची एक अडचण होती. रंगमंचावरच्या दिव्यांनी ते तापे, प्रसरण पावे आणि सूर हलत. म्हणून 1935 च्या सुमारास कंपनीने बॅकेलाइटची गिटार काढली. दुकानदाराने तीच कपाटातून काढून माझ्या मांडीवर ठेवली. जेमतेम अडीच फुटांची, पण वजनदार. तारांना वरून कवेत घेणारे नालेच्या आकाराचे दोन चुंबक. त्याने पट्टी लावून दाखवली: दीड इंच रुंद, म्हणजे युद्धापूर्वीची, नंतर ते सव्वा इंचाचे झाले. मग अंगठ्याने तिची कड जोरात घासली आणि म्हणाला, वास घ्या. कार्बोलिकचा उग्र वास. आमच्या चाळीतल्या काळ्या गोल बटणांचा! वायर तापली की खोलीभर पसरायचा तोच.

तारा सी सिक्स्थमध्ये लावलेल्या होत्या. खालून वर छेडल्या आणि मी थबकलो: सा ग प ध सा ग. रे तेवढा मिळाला की भूपच. दुसऱ्या तारेवर, सातव्या खुणेवरच्या पंचमावर बार ठेवला आणि तिथून चौथ्या खुणेवरच्या गंधारापर्यंत सावकाश ओढत आणला. माझ्या घरच्या गिटारीवर ही मींड निम्म्या वाटेत विझते, मग पुन्हा तार छेडावी लागते. इथे आवाज गंधारावर पोचला आणि तिथेच उभा राहिला. हात किंचित हलवला तर सूरही तेवढाच हलला. इतकी वर्षं जी श्रुती मी मनात ऐकून हाताने कशीबशी सुचवत होतो, ती बाहेर ऐकू येत होती. गळा दाटून आला.

किंमत माझ्या आवाक्याबाहेरची होती. कार्डावर वाचली होती, त्यालाही ते कळलं असावं. तरी त्याने गिटार परत मागितली नाही. उठला, रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून दार लावून घेतलं आणि पुन्हा समोर येऊन बसला. मी षड्जापासून सुरुवात केली.