आतून आणि बाहेरून



ईस्टर झाला की लोंढ्यात दोन कामांची गडबड सुरू होते. एक मुलांच्या फर्स्ट कम्युनियनच्या वर्गाची आणि दुसरी घरांच्या शाकारणीची. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो आणि त्यानंतर सात आठवड्यांनी पेन्टेकॉस्ट. घाटमाथ्याच्या या पट्ट्यात पावसाळ्याची तयारी साधारण याच सात आठवड्यांत उरकावी लागते. मधे वळवाची एखादी सर येऊन गळतीची जागा दाखवून जाते, तीही देवाची कृपाच. जूनमध्ये कॅसलरॉकच्या बाजूने ढग चढून आले की मग छपरावर चढायची सोय राहत नाही.

या दिवसांत धर्मशिक्षण वर्गातली आम्ही काही माणसं आपल्या मंडळीतल्या वयस्क आणि एकट्या लोकांच्या छपरांची डागडुजी करतो. त्यामुळे डांबर, सीलंट, पत्रे आणि पन्हळी यांच्याशी आमची चांगली ओळख झाली आहे. त्यातलं काही तुमच्या घराला उपयोगी पडेल आणि काही मनालाही, म्हणून आज हे लिहीत आहोत.

पवित्र शास्त्रात पाणी अडवण्याची गोष्ट फार लवकर येते. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देव नोहाला तारू बांधायला सांगतो. त्याची मापं सांगतो आणि लाकडाला आतून व बाहेरून डांबर लावायलाही सांगतो. देवाच्या आज्ञेने बांधलेलं तारू आहे, म्हणून फटी तशाच ठेवल्या तरी चालतील, असं तिथे नाही. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मोशेची आईसुद्धा लव्हाळ्याच्या पेटाऱ्याला डांबर आणि राळ लावते आणि मगच बाळाला नदीकाठी ठेवते.

नोहाच्या त्या वचनात डांबर लावण्यासाठी 'काफार' हा हिब्रू शब्द आहे. त्याच तीन अक्षरांचा शब्द पुढे प्रायश्चित्तासाठी येतो. यहुदी लोकांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला 'योम किप्पूर' म्हणतात, त्या नावातही तीच अक्षरं आहेत. या शब्दाला झाकण्याचा अर्थ आहे. पण झाकणं दोन प्रकारचं असतं. पाणी आत येऊ नये म्हणून झाकणं वेगळं आणि भोक कोणाला दिसू नये म्हणून झाकणं वेगळं. हा फरक एका घरात आम्हांला फार जवळून पाहायला मिळाला.

ते घर दोन भावांचं. वडिलांच्या माघारी मधे भिंत घालून त्याचे दोन भाग झाले. थोरल्याने आपल्या वाट्याची कौलं तशीच ठेवली, धाकट्याने पत्रे टाकले. दोन्ही छपरांचे उतार मधल्या एकाच लांब पन्हळीत येतात. आई थोरल्याकडे राहते आणि तिची खाट मधल्या भिंतीला लागून आहे. गळती बरोबर त्या खाटेवर.

पन्हळ कोणाची आणि दुरुस्त कोणी करायची, यावरून भावांचं बोलणं बंद झालं होतं. एका वर्षी थोरल्याने आपल्या बाजूने पन्हळीत डांबर ओतलं. पुढच्या वर्षी धाकट्याने आपल्या बाजूने त्याच डांबरावर सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या केल्या. पैसे दोघांचेही गेले आणि आईच्या उशाशी पातेलं होतं तिथेच राहिलं. पावसाळी दिवसाची सततची ठिबक आणि घरातली भांडणं नीतिसूत्रांच्या 27 व्या अध्यायात एकाच वचनात शेजारी ठेवली आहेत, त्याची आठवण झाली.

आम्ही त्या घरी गेलो तेव्हा आजीने आम्हांला कामच करू नका म्हणून सांगितलं. "असू दे रे बाबा, पाऊस काय चार महिन्यांचा. तुम्ही पन्हळीला हात लावला की पोरं परत भांडतील." सारा पावसाळा खोकल्यात काढणारी ती माऊली ओल्या अंथरुणाला तयार होती, फक्त मुलांचा आवाज चढायला नको. हे ऐकल्यावर तिथून परत फिरणं आमच्याच्याने झालं नाही. दोन्ही दारांत जाऊन दोघांची वेगवेगळी परवानगी घेतली आणि वर चढलो.

वरचं सिलिकॉन हाताने ओढताच सालासारखं सुटून आलं. त्याचं कारण सोपं आहे. डांबराच्या तेलकट थरावर सिलिकॉन धरत नाही. खालचं डांबर उन्हाने तडकलेलं होतं. तेही खरवडलं. त्याखाली गंज होता आणि गंजाखाली अंगठा जाईल एवढं भोक. ते भोक ना थोरल्याच्या बाजूला होतं ना धाकट्याच्या. पन्हळीचे दोन पत्रे जिथे जोडले होते, त्या मधल्या सांध्यात होतं आणि खाटेपासून चार-पाच फूट वरच्या अंगाला. पाणी तिथून शिरत होतं, वाशाच्या अंगाने घरंगळत खाली येत होतं आणि खाटेवर ठिबकत होतं. पाणी जिथे पडतं तिथूनच ते शिरतं असं नसतं. दोघा भावांनी ठिबक दिसली त्याच जागेवर माल ओतला होता.

खरवडायला दीड दिवस लागला. प्रत्यक्ष सांधा जोडायला दोन तास पुरले. गंजलेला तुकडा कापून नवा पत्रा टाकला. वरचा पत्रा खालच्यावर वीतभर चढवून मधे ब्युटाइलची टेप घातली, रिवेट मारले आणि कडेने पीयू सीलंट भरलं. दुसऱ्या दिवशी थोरला न बोलावता येऊन शिडी धरून उभा राहिला. धाकट्याने घरातून तारेचा ब्रश आणून दिला. पाणी बाहेर काढणारा पाईप कुठे उतरवायचा हा प्रश्न आला, तेव्हा थोरला वर न पाहताच म्हणाला, "तुझ्या अंगणात उतरू दे, माझ्याकडे उतार नाही." धाकटा म्हणाला, "बरं." त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. पण जून उलटला तरी आजीच्या खाटेवर पाणी आलं नाही आणि उशाचं पातेलं चुलीपाशी परत गेलं.

आता घरोघरी उपयोगी पडतील अशा काही गोष्टी सांगतो.

कौलारू छप्पर सीलंटने बंद करायचं नसतं. आपण ज्यांना मंगळुरी कौलं म्हणतो, ती बासेल मिशनच्या लोकांनी 1865 च्या सुमारास मंगळुरात कारखाना काढून बनवायला घेतली. सुवार्ता सांगायला आलेल्या माणसांनी किती घरांना छप्पर दिलं, हे आपण विसरतो. या कौलांच्या कडेला खाचा असतात आणि एक कौल दुसऱ्यावर चढतं. उतार आणि हा चढ यांच्या बळावर पाणी खाली जातं. तिथे हवं असतं ते फुटलेलं कौल बदलणं, खाचांतलं शेवाळ आणि पाला काढणं, आढ्यावरच्या कौलांचा निघालेला चुना-सिमेंट पुन्हा भरणं. फटीफटीत सीलंट भरलं तर आत शिरलेल्या पाण्याला बाहेर यायची वाट राहत नाही आणि रिपा कुजतात.

पत्र्याचं छप्पर बहुतेक वेळा स्क्रूच्या भोकाशी गळतं. तिथला रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतो. आधी वॉशर बदलावा. सिलिकॉन घेताना नळीवर 'न्यूट्रल' लिहिलेलं पाहून घ्यावं. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन जस्ताच्या पत्र्याला गंजवतं आणि सिमेंटलाही नीट धरत नाही. सिलिकॉनवर रंग बसत नाही. जिथे नंतर रंग द्यायचा असेल तिथे पीयू सीलंट बरं. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कोरडे घासू नयेत किंवा त्यांना भोकं पाडू नयेत. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

गच्चीवर मोठी भेग दिसली तर नुसता वरून लेप फिरवू नये. भेग थोडी उकरून रुंद करावी, धूळ झाडावी, पूर्ण वाळू द्यावी आणि मग सीलंट भरावं. गच्ची आणि कठडा भेटतात तो कोपरा हमखास गळतो, त्याकडे आधी पाहावं. अॅक्रिलिकचा लेप पाण्यात कालवलेला असतो. वाळायच्या आत सर आली तर तो धुऊन जातो आणि पाणी साचून राहतं तिथे तो टिकत नाही. म्हणून आधी उतार, मग लेप. सगळं नीट वाळल्यावर गच्चीचं तोंड बांधून 24 तास पाणी उभं करून पाहावं.

सांधा भरताना गवंडीही पुष्कळदा एक गोष्ट सोडून देतात. सीलंट सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटावं, तळाला चिकटू नये. त्यासाठी आत आधी फोमची दोरी दाबून बसवतात. कारण ऊन-पावसाने सांधा हलतो. 6 मीटर लांबीची लोखंडी पन्हळ 30 अंशांच्या फरकाने सुमारे 2 मिलिमीटर वाढते, पीव्हीसीची त्याहून कितीतरी जास्त. तिन्ही बाजूंनी जखडलेलं सीलंट ताणता येत नाही, ते फाटतं.

आणि पन्हळ. 100 चौरस मीटर छपरावर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी होतं. दिवसात 100 मिलिमीटर पडला तर 10,000 लिटर. आपल्याकडे असे दिवस येतातच. एवढ्या पाण्याला जायची वाट दिली नाही तर कितीही भारी सीलंट असो, ते हरणार. दर 3 मीटरला निदान 1 सेंटीमीटर उतार आणि पाला काढलेलं तोंड, एवढं पन्हळीला हवंच. छपरावर एकट्याने कधी चढू नये. नव्या घराच्या गच्चीला कठडा घालावा, नाहीतर कोणी पडून घरावर रक्ताचा दोष येईल, असा नियम अनुवादाच्या 22 व्या अध्यायात आहेच.

बंधू-भगिनींनो, बाजारात वीस तऱ्हेची सीलंट मिळतात आणि प्रत्येकाच्या डब्यावर लहान अक्षरांत जवळजवळ एकच सूचना असते: पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा करून घ्यावा. ज्याला चिकटायचं आहे ती जागाच खरी नसेल तर महाग मालही सुटून येतो. आपल्या घरातली भांडणं आपण अशीच झाकतो. सणाला जेवायला बोलावतो, मिस्सामध्ये शांतीचा हात पुढे करतो आणि खालचा गंज तसाच ठेवतो. हे सगळं चांगलंच आहे, पण ते वरचा थर म्हणून चांगलं आहे. आपली पापं लपवणाऱ्याचं भलं होत नाही आणि ती कबूल करून सोडणाऱ्यावर दया होते, असं नीतिसूत्रांचा 28 वा अध्याय सांगतो. म्हणून उपवासकाळात आधी राख, मग पापनिवेदन आणि मग ईस्टर. आधी खरवडायचं, मग देव झाकतो. प्रभूच्या क्षमेने झाकलेलं सुटून येत नाही, कारण तो भोकावर हात ठेवून झाकतो.

आणि दोन छपरांच्या मधली पन्हळ कोणाची, याचं उत्तर प्रत्येक घरात एकच आहे. जिच्या खाटेवर पाणी पडतं तिची.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायात आपल्या पक्षाघाती मित्राला येशूजवळ नेण्यासाठी छप्पर उघडणारे चौघे आहेत. मंडळीत तसे हात हवेत, तसेच उघडी छपरं बंद करणारे हातही हवेत. तुमच्या गल्लीत पावसाच्या आधी वर चढू न शकणारं कोणी असेल तर आताच विचारा. ते स्वतःहून सांगणार नाहीत. एक ब्रश, एक शिडी आणि ती धरायला दुसरा माणूस, एवढ्यावर काम सुरू होतं.

हे प्रभो, आमच्या घरांच्या आणि मनांच्या फटी तुला ठाऊक आहेत. आम्ही जे नुसतं लपवलं आहे ते खरवडायचं धैर्य दे आणि तुझ्या दयेने आम्हांला आतून व बाहेरून झाक. या पावसात कोणाचीही खाट ओली राहू नये म्हणून आमचे हात वापर. आमेन.