वांझ या शब्दाला पुल्लिंग नाही

परीक्षेत 'लिंग बदला' हा प्रश्न हमखास असतो. मोर-लांडोर, बोका-भाटी. 'वांझ' हा शब्द मी त्या यादीत कधी घातला नाही, आणि घातला तरी मुलांना उत्तर येणार नाही. वांझ बाई असते, नाहीतर गाय. उर्दूतही 'बांझ' म्हटलं की बाईच डोळ्यांसमोर येते. पुरुषासाठी 'नामर्द' आहे, पण तो शब्द वेगळ्याच गोष्टीचा. शरीरसंबंधात काहीही अडचण नसलेल्या पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू कमी असू शकतात, मुळीच नसूही शकतात. या दोन गोष्टींची गल्लत होते, म्हणूनच नवरे तपासणीचं नाव काढलं की बिथरतात.

मी दोन्ही भाषा शिकवते, त्यामुळे मोहल्ल्यातल्या बाया माझ्याकडे कागद वाचून घ्यायला येतात. रेशनचे, बँकेचे, कधी दवाखान्याचे. गेल्या वर्षी तुमसरकडची, ओळखीतली एक मुलगी गर्भनलिकांच्या एक्स-रेचा रिपोर्ट घेऊन आली. लग्नाला सहा वर्षं झालेली. "बाजी, इसमें क्या लिखा है?" दोन्ही नळ्या बंद आहेत, असं लिहिलं होतं. घरात नवऱ्याच्या दुसऱ्या निकाहची बोलणी सुरू होती, आणि त्याची एकही तपासणी झालेली नव्हती.

बोलता बोलता कळलं, लग्नानंतर वर्षभरातच तिचं ओटीपोट दुखायचं, अंगावर पांढरं जायचं, तापही येऊन गेला होता. सास म्हणाली, सफेद पानी तो सबको जाता है. त्याच सुमारास नवऱ्याला लघवीला जळजळ होत होती. त्यानं मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि बरा झाला. एकटाच.

परमा आणि क्लॅमिडिया हे शरीरसंबंधातून लागणारे दोन आजार बाईच्या अंगात पुष्कळदा काहीच लक्षण न दाखवता राहतात. उपचार झाला नाही तर जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतात आणि नळ्यांना सूज आणतात. आतला मार्ग मुळात बारीक, तो व्रणांनी बुजतो. अर्धवट बुजला तर गर्भ नळीतच अडकून जिवावर बेततं. स्वीडनमधल्या लुंड शहरात अशा बायांचा अनेक वर्षं पाठपुरावा केला गेला. एकदा सूज येऊन गेलेल्यांपैकी सुमारे 8 टक्के, दोनदा आलेल्यांपैकी जवळपास 20 टक्के आणि तीन वा जास्त वेळा आलेल्यांपैकी 40 टक्के बायांना नळ्यांमुळे मूल होऊ शकलं नाही. औषधानं जंतू मरतात, झालेला व्रण पुसला जात नाही. पुरुषातही हेच जंतू शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळीला सूज आणतात.

या मुलीच्या नळ्या कशानं बंद झाल्या, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. क्षयरोगानंही होतात, आणि आपल्या देशात ते कारण मोठं आहे. गर्भपातानंतरच्या संसर्गानंही होतात. तेव्हा हे वाचून कोणी घरी जाऊन उलटतपासणी मांडू नये.

भंडाऱ्याहून ब्रह्मपुरी ओलांडली की पुढे गडचिरोली. तिथल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी 650 स्त्रियांची तपासणी केली होती. 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, सरासरी एकीला साडेतीनपेक्षा जास्त. त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. 1989 च्या जानेवारीत 'लॅन्सेट'नं हे छापलं, तेव्हा जगानं वाचलं. आमच्या सासवा अजूनही तेच म्हणतात, सबको जाता है.

हजरत आयेशांना मूल नव्हतं, तरी त्या उम्मुल मोमिनीन, साऱ्या ईमानवाल्यांची आई. आणि प्रश्न विचारायला न लाजणाऱ्या अन्सारी स्त्रियांचं कौतुक केलं तेही त्यांनीच. हे सांगितलं तेव्हा ती मुलगी पहिल्यांदा मोकळं रडली.

जिल्हा रुग्णालयात अशा आजारांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. औषधं फुकट, समुपदेशकही असतो. पण नवरा-बायको दोघांनी औषध घ्यावं लागतं, नाहीतर आजार एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. वेळेत गेलं तर गोळ्यांवर भागतं. नळ्या बंद झाल्यावर उरते ती टेस्ट ट्यूब बेबी, तिचा खर्च लाखात, आणि ही मुलगी विड्या वळते.

तिच्या नवऱ्याशी माझ्या शौहरांनी बोलणं केलं. दोन-तीन चहा झाले, मग तो वीर्यतपासणीला तयार झाला. रिपोर्टात काय आलं, मी विचारलं नाही. निकाहची बोलणी मात्र तूर्त थांबली आहेत.