परमुलखातला रविवार

उस्मानिया विद्यापीठात शिकणारे आम्ही मराठवाड्याचे तिघे. घरची मंडळी म्हणत, ‘पोरे परमुलखात आहेत.’ एका रविवारी वर्गातील तेलुगू मित्रासह आम्ही गोवळकोंडा पाहावयास गेलो. फतेह दरवाजाखाली टाळ्या वाजवून झाल्या, बालाहिसारची चढणही झाली. मित्र मादण्णांच्या कारभाराची थोरवी सांगे, आम्ही १६७७ सालच्या शिवछत्रपतींच्या भागानगर-भेटीची. त्या भेटीत मादण्णांचाच पुढाकार होता, तेव्हा वाद आपोआप मिटला.

माथ्यावर वारा खात बसलो असता विषय वसतिगृहाचा निघाला. १९३८ मध्ये आमच्याच विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. ते न सोडणाऱ्या विद्यार्थ्यांना बाहेर पडावे लागले आणि पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी हैदराबादच. त्या पिढीला इथे येताना सीमा ओलांडावी लागत नसे. शिकावे मात्र लागे उर्दूतून. मग परमुलूख कोणाचा, त्यांचा की आमचा?

परतताना सुलतान बाजारात एक बाई दुकानदाराशी तेलुगूत घासाघीस करीत होत्या. पिशवी मुलीकडे देताना म्हणाल्या, ‘नीट धर गं.’ आमच्यातील एकाने उगीचच पुढे होऊन त्यांना किती वाजले ते विचारले, मराठीत.