मुळांचा बिऱ्हाडकरू

न्यायशास्त्रात अन्योन्याश्रय हा दोष मानला आहे. भूमीच्या पोटात मात्र बराचसा प्रपंच त्याच्याच बळावर चालतो. कपाशी, ज्वारी, तूर, मिरची यांच्या कोवळ्या मुळांत एक सूक्ष्म बुरशी बिऱ्हाड करून असते. मुळे पोचत नाहीत तेथे तिचे तंतू जातात व भाड्यादाखल स्फुरद आणून देतात. यजमान वनस्पती तिला साखर पुरविते. अशा सहवासाला १८८५ साली फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञाने ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. इंदूरला कंपोस्टाची पद्धत बसविणारे सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीही १९४० च्या आपल्या ग्रंथात तिचे महत्त्व आग्रहाने मांडले आहे.

ही बुरशी जिवंत मुळावाचून वाढत नाही. म्हणून घरी तिचे विरजण लावावयाचे ते यजमान रोपासह. पौषात मी एक भाग मुरलेले कंपोस्ट व चार भाग वाळू कालवून कुंड्या भरल्या, बांधावरच्या न नांगरलेल्या जागेतील गवताच्या मुळांची माती त्यांत घातली आणि ज्वारी पेरली. कंपोस्टाचा हात येथे आखडताच बरा. पेन्सिल्व्हेनियातील रोडेल संस्थेत याच कामी बहिया गवत लावीत. ते तिकडील हिमाने मरते. आमच्या लोहाऱ्यास ते काम वैशाखाचे ऊन करते. पाणी तोडले, ताटे वाळली, मुळे बारीक चिरून मातीत मिसळली, की विरजण तयार. (मोहरी, कोबी, मुळा यांच्या कुळाला मात्र हा बिऱ्हाडकरू चालत नाही, तेथे श्रम व्यर्थ.)

शेती माझा पुतण्या पाहतो. तो म्हणाला, “काका, डीएपीचे पोते टाकले की काम झाले. कुंडीतल्या ज्वारीने पीककर्ज फिटते का?” कर्जाच्या कागदावर सही त्याची आहे, तेव्हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. परंतु स्फुरद आयते व मुबलक मिळाले म्हणजे वनस्पती या बिऱ्हाडकरूला थारा देईनाशी होते, हे त्यास सांगणे मला प्राप्त होते. अखेर असे ठरले की, मिरचीच्या दोन वाफ्यांपैकी एकातच विरजण घालावयाचे, आणि दोन्हींकडील रोपांच्या पाच-पाच ओळींस डीएपी अर्धेच द्यावयाचे. म्हणजे फरक कशाचा, याविषयी वाद उरावयाचा नाही. बाकीचे शेत त्याच्या मताप्रमाणे.

ओळींच्या टोकांशी खुंट्या त्यानेच ठोकल्या आहेत.